एकोणीस खिळे आणि एक बटण

माझ्या पिशवीत सगळं दोन-दोन असतं. दोन रुमाल, घराच्या दोन किल्ल्या, दोन पेनं, लेकीच्या मोज्यांचा एक जादा जोड. सासूबाई म्हणतात, हिला देवाने डोकीही दोन द्यायला हवी होती, म्हणजे काळजी वाटून घेतली असती.

माझी लेक सहा वर्षांची आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला ठिपकी म्हणायला लागलो आणि तेच नाव राहिलं. घरात ती अखंड बोलते. आंघोळ करताना बादलीशी, झोपताना उशीशी. पण दार ओलांडलं की तिचा आवाज जणू चपलांच्या जागी राहतो. शाळेत ती फक्त एका माणसाशी बोलते, तेही कानात. तो माणूस म्हणजे धाकट्या बाई.

शाळा पाण्याच्या उंच टाकीखाली आहे. कधीकाळी पंपावरच्या कामगारांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. एकीत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मोठी मुलं घेऊन बसतात, दुसरीत धाकट्या बाई आणि लहान मुलं. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीवरून टाकीचे जाड नळ जातात. साडेदहाला पाणी सुटतं आणि भिंत गुणगुणायला लागते. मुलं पाटी-पेन्सिल ठेवून भिंतीला कान लावतात. धाकट्या बाई त्यांना लावू देतात. पहिल्यांदा मी ते खिडकीतून पाहिलं तेव्हा वाटलं, एवढी सगळी मुलं एकदम कुणाचं तरी गुपित ऐकत उभी आहेत. ठिपकी त्या भिंतीपाशीच पहिल्यांदा बोलली. काय बोलली ते बाईंनी मला सांगितलं नाही आणि मी दोनदा विचारूनही सांगितलं नाही.

हजेरी घेण्याची त्यांची रीतही निराळी. दाराशी एक लांब फळी, तिला खिळे. प्रत्येक मुलाने घरून आपली एक वस्तू आणायची, रोज सकाळी ती आपल्या खिळ्याला अडकवायची आणि जाताना टोपलीत टाकायची. कुणाचा चमचा, कुणाची जुनी किल्ली, एकाचा तर कपाचा नुसता कान. ठिपकीने माझ्या जुन्या कोटाचं निळं बटण नेलं, दोऱ्यात ओवून. मी अर्थातच दोन दिली. एक हरवलं तर? धाकट्या बाई हसल्या, दुसरं त्यांनी टोपलीच्या तळाशी ठेवून दिलं.

या शाळेत वीस मुलं होती. हा आकडा नीट सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच होतं. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, खात्याचा माणूस येतो आणि मुलं मोजतो. त्या दिवशीच्या पटावर शाळेचं वर्ष ठरतं. डोईमागे अनुदान, शिक्षकांची पदं, खडूपासून छपरापर्यंत सगळं. वीस मुलांना दोन शिक्षक. एकोणीस झाली की एक. मग दुसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि खातं त्याला जिथे जागा असेल तिथे पाठवतं.

पालकांच्या सभेत मोठ्या बाईंनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. वर एक भली मोठी टाकी, ती राजधानी. तिच्यातून निघालेला नळ जिल्ह्याच्या टाकीत, तिथून विभागाच्या, तिथून बारीक होत होत आमच्या दारातल्या तोटीपर्यंत. एका मुलाचे वडील प्लंबर आहेत. त्यांनी मागून विचारलं, "बाई, गळती कुठल्या जोडाला आहे?" मोठ्या बाई खडू झटकत म्हणाल्या, "सगळ्या." सगळे हसले. मीही हसले, पण त्या रात्री स्वप्नात ती टाकी आली. तिच्या तळाशी वीस बटणं होती आणि मला ती मोजता येत नव्हती.

आता माझी चूक सांगते.

पुलापलीकडे एक मोठी शाळा आहे. साडेतीनशे मुलं, सभागृह, वाचनालय. आणि तिथे वाचा-शिक्षिका आहेत. ज्या मुलांना बोलायला जड जातं त्यांच्यासाठी खास. हे पद तीनशेच्या वर पट असला तरच मिळतं. आमच्या शाळेला ते सात जन्मांत मिळणार नाही. उन्हाळ्यात मी एकटीच तिकडे गेले. लांब स्वच्छ व्हरांडे होते आणि माझ्याच पावलांचा आवाज माझ्या मागून येत होता. त्या वाचा-शिक्षिकांच्या खोलीत एक मोठा आरसा आणि दोन छोट्या खुर्च्या होत्या. मी त्यातल्या एका खुर्चीवर बसून पाहिलं. मग खाली येऊन अर्ज भरला. नुसता असू दे म्हणून. दुसरं बटण.

घरी सांगितलं नाही. इकडे सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

मोजणीच्या आठ दिवस आधी खात्याची यादी आली. एकच मूल दोन पटांवर दिसलं, मग एकीकडे नुसता अर्ज का असेना, की खात्याचं यंत्र त्याला दोन्हीकडून वगळतं. आमच्या यादीत एकोणीस नावं होती आणि खाली, वेगळं, ठिपकीचं नाव फुलीसकट. पालकाने मोजणीच्या दिवशी मोजणाऱ्यासमोर सही करून एक शाळा सांगायची, नाहीतर मूल कुठेच धरलं जाणार नाही.

मोठ्या बाई संतापल्या. माझ्यावर नव्हे. त्यांची पक्की खात्री की त्या मोठ्या शाळेने नाव पळवलं. "मोठे मासे," म्हणाल्या, "तोंड उघडं ठेवूनच पोहतात." मला शेजारी बसवून त्यांनी त्या शाळेला दोन पानी पत्र लिहिलं. मी मान डोलवत होते. एका शब्दाचं शुद्धलेखनही मी सुधारून दिलं. याहून लाजिरवाणं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

ठिपकीच्या बाबांना त्या संध्याकाळी सांगितलं. ते लिफ्ट दुरुस्त करतात. स्क्रू दातांत धरून घरातल्या पंख्याचं काहीतरी करत होते. स्टुलावरूनच त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रागावतील. ते खाली उतरले, स्क्रू हातात घेतला आणि म्हणाले, "अगं, लिफ्टची दोन बटणं एकदम दाबली ना, तर ती बिघडत नाही. आधी जवळच्या मजल्यावर थांबते." मग स्क्रू खिशात टाकत म्हणाले, "पण आत माणसं असतात. त्यांना सांगावं लागतं."

मी शाळेत सांगितलं नाही. आठ दिवस रोज ठरवून निघत होते आणि फाटकातून परत येत होते.

एकीकडे वाटायचं, आई म्हणून मी करतेय काय? तिकडे शिकलेली बाई आहे, आरसा आहे, उपाय आहे. इकडे एक गुणगुणणारी भिंत. दुसरीकडे वाटायचं, नाव तिकडे दिलं तर इकडे पट एकोणीस, आणि माझी मुलगी जिच्या कानात बोलते ती बाईच निघून जाणार. ठिपकी पुलापलीकडे आणि बाई आणखी कुठे. एकोणीस मुलांनी मग कुणाच्या कानात बोलायचं हेही डोक्यात यायचं, पण खरं सांगते, मागाहून. आधी माझीच यायची.

मोजणीच्या दिवशी धुकं एवढं होतं की टाकीचे खांब दिसत होते, टाकी नव्हती. वीस जणांची शाळा चार दांड्यांवर ढग धरून उभी होती. मोजणीवाले वेळेवर आले. राखाडी स्वेटर, कानटोपी, हातात आकडे मोजायचं छोटं यंत्र. अंगठ्याने दाबलं की टिक. मुलं रांगेत उभी राहिली आणि ते एकेकापुढून गेले. टिक. टिक. प्रत्येक टिकला धाकट्या बाईंचा खांदा किंचित खाली येत होता. ठिपकी शेवटी होती. तिच्यापुढे ते थांबले, अंगठा वर धरला आणि दाबला नाही.

"हिचे पालक?"

मी पुढे झाले. मोठ्या बाईही पुढे झाल्या आणि त्या शाळेने नाव कसं पळवलं ते सांगू लागल्या. मोजणीवाल्यांनी शांतपणे पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. माझा अर्ज. माझी सही, माझंच वळण, खाली तारीख.

मोठ्या बाईंनी तो वाचला. मग चष्मा काढून पुसला. म्हणाल्या एवढंच, "आणि मी दोन पानं लिहिली."

मला बोलताच येईना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तेव्हा पहिल्यांदा कळलं ठिपकीला काय होत असेल. सगळे बघत असतात, शब्द तोंडात तयार असतो आणि दार उघडत नाही.

"ताई, सही कुठे करताय ते सांगा. मला अजून चार शाळा आहेत," मोजणीवाले म्हणाले, पण घाई न करता.

धाकट्या बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं विनवतील. त्या हळूच म्हणाल्या, "माझा विचार करू नका. त्या वाचा-शिक्षिका चांगल्या आहेत, मी ओळखते त्यांना."

साडेदहा झाले असावेत. भिंत गुणगुणायला लागली. रांग मोडली. खात्याचा माणूस समोर असताना वीसही मुलं भिंतीकडे गेली आणि कान लावून उभी राहिली. मोजणीवाल्यांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा मुलांकडे, आणि कानटोपी एका बाजूने वर केली.

ठिपकी भिंतीपासून परत आली. दाराशी जाऊन तिने टोपलीत हात घातला, तळाचं दुसरं बटण काढलं आणि माझ्या हातात दिलं. मग धाकट्या बाईंचा पदर ओढून त्यांना खाली वाकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. बाईंना हसू आवरेना.

"काय म्हणते?" मोजणीवाल्यांनी विचारलं.

"विचारतेय, आईला पण मोजणार का?"

"आईला नाही मोजत, बाळ," ते गंभीरपणे तिला म्हणाले. "आयांचं अनुदान येत नाही."

मी सही केली. टाकीखालच्या शाळेपुढे. दुसऱ्या रकान्यात रेघ मारताना तो आरसा आणि त्या दोन छोट्या खुर्च्या डोळ्यांपुढे आल्या, आणि हात थांबला, पण रेघ पुरी केली. टिक.

मग मला आवाज सापडला. मी विचारलं, त्या वाचा-शिक्षिका आठवड्यातून एक दिवस इकडे येऊ शकणार नाहीत का? एकट्या हिच्यासाठी नाही, विभागातल्या सगळ्याच लहान शाळांसाठी. पूल काही एवढा लांब नाही.

"तसा रकाना नाही," ते म्हणाले. फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. "शेऱ्याची जागा आहे. शेरा कुणी वाचत नाही. पण लिहायला मनाई नाही."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पिशवीतलं दुसरं पेन त्यांना दिलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या. मधेच म्हणाल्या, "'शिक्षिका'चं शुद्धलेखन बघून घ्या. तुमचं चांगलं आहे." त्या टोमण्याने मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

मोजणीवाले धुक्यात शिरले. काही वेळ त्यांची कानटोपी दिसत होती, मग तीही नाही. त्यांच्या पिशवीतून तो शेरा विभागाकडे निघाला होता, तिथून जिल्ह्याकडे, बारीक नळातून मोठ्या नळात, उलटा, चढणीला. पाणी असं चढतं का मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी आहे आणि पाचवीतली तीन मुलं तोवर जाणार आहेत.

दुसरं बटण मी पिशवीत टाकलं. ठिपकी भिंतीपाशी उभी होती आणि तिने शेजारची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी वाकून कान लावला. नळ गार होता. आत खूप लांबून काहीतरी येत होतं.