एका झोळीचे दोन आकडे

गुल्वेनने तुळईच्या भेगेत, झोळीच्या लोखंडी आकड्याखाली, पहार घातली, पण जोर काही लावला नाही. मागे तांगीची विधवा सोएझिग उभी होती.

"हीच का ती जागा, भावजी?" सोएझिगने विचारलं.

"हीच, वहिनी."

'पासिआंत' ही फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, ब्रेस्टच्या गोदीत मोडायला काढली होती. वीस वर्षं तिने राजाची चाकरी केली. मार्टिनिक बेटावरच्या साखरेची राखण केली, इंग्रजांचे गोळे अंगावर झेलले, तापाने फणफणलेली माणसं भरून परत आणली. नाव तिचं झालं. खलाशांच्या वाट्याला आली ती झोपायला दोघांत एक टांगती झोळी. त्यांच्या दोन पाळ्या, डावी आणि उजवी. एक वर कामाला गेला की दुसऱ्याने त्याच्याच उबेत आडवं व्हायचं. तांगी आणि गुल्वेन नऊ वर्षं या एका झोळीत झोपले, पण एका वेळी कधीच नाही.

सोएझिगने नवऱ्याच्या मृत्यूचा, आरमाराच्या कचेरीचा कागद उलगडला. पाद्रीबाबांनी तो तिला इतक्यांदा वाचून दाखवला होता की पाठच झाला होता. वादळात, डाव्या पाळीच्या वेळी, डोलकाठीवरून पडून मृत्यू.

"ते उजव्या पाळीचे," ती म्हणाली. "डाव्या पाळीचे तुम्ही."

याच प्रश्नाच्या धास्तीने गुल्वेन सात वर्षं तिच्या गावाकडे फिरकला नव्हता. त्या दिवशी आपल्याला ताप होता, म्हणून तांगी आपल्या जागी वर गेला, असं त्याने सांगितलं. सगळ्या जहाजालाही त्याने तेव्हा हेच सांगितलं होतं. सोएझिगने कागद तसाच त्याच्यासमोर धरून ठेवला. वरच्या फळ्यांवर कुऱ्हाडी चालू होत्या. शेवटी त्यालाच राहवेना.

"ताप नव्हता, वहिनी. मी भ्यालो होतो. फसवलं मी त्याला."

"ते कुठले फसतायत! शेवटचे घरी आले तेव्हा हसत म्हणाले, वारा सुटला की गुल्वेनला ताप चढतो. मग मीच जातो."

गुल्वेनने पहार भेगेतून ओढून काढली.

"मग विचारायला कशाला आलात?"

"तुम्ही कबूल करता का, ते बघायला."

तिने त्याच्या हातून पहार घेतली आणि झोळीचे दोन्ही आकडे स्वतःच उपटले. एक टोपलीत टाकला, दुसरा त्याच्या मुठीत दिला.

"एकाचं काय करू मी? झोळीला तर दोन लागतात," गुल्वेन म्हणाला.

"मलाही अजून कळलेलं नाही, भावजी," ती म्हणाली आणि शिडीकडे वळली.