अकरा मीटर पूर्वेला

कौमुदीबाई दिघ्यांनी आठ महिन्यांत सहा हजार दोनशे चौदा घरं काढली होती, आणि त्यातलं एकही घर त्यांनी जवळून पाहिलेलं नव्हतं. काढली म्हणजे नकाशावर हो. बडोद्याच्या छाणी भागातल्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा, उपग्रहाच्या फोटोत दिसणाऱ्या छपराच्या चार कोपऱ्यांवर माऊसने चार टिचक्या मारायच्या, की झालं एक घर. नकाशा कुठल्या कंपनीचा नव्हे. जगभरातली माणसं मिळून तो काढतात, कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा, आणि दमडी कुणाला मिळत नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना हे आधी थापच वाटलं. पण पुराच्या वेळी विश्वामित्री नदीकाठच्या काही वस्त्या या नकाशावर कोऱ्या होत्या, होडी घेऊन गेलेल्या पोरांना गल्ली न् गल्ली विचारत फिरावं लागलं, हे त्यांनी शेजारच्या मुलाकडून ऐकलं. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, नोकरी संपलेली, दिवस नुसता खायला उठायचा. त्यांनी व्हिडिओ बघून काम शिकून घेतलं आणि बसल्या त्या बसल्याच.

बडोद्यातल्या नकाशेवाल्यांचा मेळावा रविवारी सकाळी सयाजीगंजात, एका खाणावळीच्या वरच्या खोलीत होता. बाईंनी आदल्या दिवशी साडीला इस्त्री केली. कुणी विचारलं तर आकडा सांगायचा, नाही विचारलं तरी सांगायचा, असं ठरवूनच त्या रिक्षात बसल्या. का सांगू नये? सहा हजार घरं काढणं म्हणजे काय पोरखेळ आहे!

खोलीत चौदा-पंधरा माणसं होती, बहुतेक पोरंच. पिकल्या केसांचे दोनच, एक कौमुदीबाई आणि दुसरे पिलाजीराव. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ कापडी पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते आणि नमस्कारापलीकडे एक शब्द बोलायला तयार नव्हते. मेळावा बोलावला होता केयूरने. नदीपलीकडच्या अकोट्यात राहणारा हा तिशीतला मुलगा. बाई रोज ज्या सॉफ्टवेअरमध्ये घरं काढत, त्याचे काही भाग त्याने लिहिले होते, तेही फावल्या वेळात आणि फुकट. बाईंना वाटायचं असली सॉफ्टवेअरं अमेरिकेत कुठेतरी तयार होत असतील. इथे तर लिहिणारा समोर बसून चहात खारी बुडवत होता. त्या त्याच्या हाताकडे बघतच राहिल्या.

चहा झाल्यावर केयूरने भिंतीवर नकाशा लावला. गेल्या आठवड्यात तो फोनमधला जीपीएस चालू ठेवून अकोट्याच्या मागच्या गल्ल्यांतून चालला होता. त्या चालण्याची लाल रेघ नकाशावर उमटली होती, आणि ती रेघ सरळ लोकांच्या घरांतून आरपार जात होती.

"हे 'छाणीकर' नावाचे कोणी भाऊ आहेत," केयूर म्हणाला. "सहा हजारांवर घरं काढलीयत आणि अर्धी रस्त्यात बांधलीयत."

सगळे हसले. कौमुदीबाईसुद्धा हसल्या. मग थांबल्या, कारण छाणीकर त्याच होत्या.

झालं होतं असं. उपग्रहाचा फोटो नकाशावर टाकला की तो थोडा घसरतो, कधी दोन मीटर, कधी बारा. म्हणून जुने नकाशेवाले आधी लोकांच्या चालण्याच्या रेघा उघडतात, फोटो सरकवून त्या रेघांशी जुळवतात आणि मगच पहिल्या छपराला हात लावतात. त्यांच्यात हे इतकं अंगवळणी पडलेलं की कुणी कुणाला सांगत नाही. भात करायला शिकवताना तांदूळ धुवून घे म्हणून सांगायचं राहून जावं, तसंच हे. बाईंच्या व्हिडिओतही ते नव्हतं.

केयूर पुढे म्हणाला की परदेशातल्या एका जुन्या सभासदाने ही सगळी घरं पुसून टाकावीत अशी सूचना केलीय. आठ दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर पुसली जातील. आज सातवा दिवस. या छाणीकरभाऊंना तीन निरोप गेले, एकाचंही उत्तर नाही. कुठून असणार उत्तर? निरोपांची पेटी कुठे असते हेच बाईंना ठाऊक नव्हतं.

त्या उभ्या राहिल्या. "भाऊ नाही," त्या म्हणाल्या. "मी आहे."

केयूरचा चेहरा असा पडला की बघवेना. त्याने दहा वेळा माफी मागितली. काकू, तुमचा दोष नाही, सॉफ्टवेअरनेच नवीन माणसाला आधी विचारायला हवं होतं, वगैरे बरंच बोलला. बाईंच्या कानात काही शिरत नव्हतं. आठ महिने, रोज सकाळी नऊ ते एक. खुशाल पुसा, असं त्या तोंडाने म्हणाल्या आणि मनात म्हणाल्या, लॅपटॉप भाचीला देऊन टाकते. रडू येत होतं, पण चारचौघांत कसं रडायचं.

तोवर शर्वरी नावाची एक मुलगी भिंतीजवळ जाऊन घरं निरखत होती. ती भूगोल शिकवायची. तिने एक घर मोजलं, पार दुसऱ्या टोकाचं एक मोजलं, मधलं तिसरं मोजलं. सगळी सारखीच घसरलेली, पूर्वेकडे दहा-बारा मीटर. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत फोटो एकच आणि बाईंचा हात एकसारखा. जी गोष्ट सगळीकडे सारखीच चुकलीय ती एकदम ढकलून परत आणता येते, शर्वरी म्हणाली, फक्त किती ढकलायचं ते पक्कं कळलं पाहिजे. आणि एका माणसाच्या फोनवर विसंबून ते कळत नाही.

मग काय, सगळी वरात अकोट्यात. फोटोत स्पष्ट दिसणारे घरांचे सात कोपरे निवडले आणि प्रत्येक कोपऱ्याला दोघं दोघं फोन घेऊन वीस मिनिटं न हलता उभे. एका आजींनी खिडकीतून विचारलं की गॅसची लाइन येणार आहे का. नकाशा काढतोय म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि आमचं घर त्यात आहे ना, अशी खात्री करून घेतली.

कौमुदीबाई शर्वरीबरोबर एका घराशी उभ्या होत्या. त्या घराची गच्ची त्यांना पाठ होती. काळी टाकी, तिच्याशेजारी मोडकी खाट, एक कोपरा तिरका. पण त्या घराला निळं दार आहे, दारात कोणी मेथी निवडत बसतं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं! पुढचं घर ओळखीचं, त्याच्या पुढचंही. जन्मात पाऊल न टाकलेल्या गल्लीत त्यांना छप्पर न् छप्पर ओळखू येत होतं. इतकी माणसं राहतात इथे, आणि आपण त्यांना नुसतं वरून बघत होतो.

सयाजीगंजात परतल्यावर आकडे जुळवले. घरं घसरली होती अकरा मीटर पूर्वेला, चार उत्तरेला. केयूरने सांगितलं की आधी फक्त त्याच्या लॅपटॉपवर करून बघू, जगाला अजून काही दिसणार नाही. त्याने कळ दाबली.

काय सांगावं! सहा हजार दोनशे चौदा घरं एकदम उठली आणि आपापल्या जागी जाऊन बसली. आवाज नाही, धक्का नाही. गल्ल्या मोकळ्या झाल्या, दारासमोर अंगणं आली, लाल रेघ रस्त्याच्या बरोब्बर मधून चालू लागली. बाई तोंडावर हात ठेवून बघत होत्या. एवढं शहर हललं आणि एक भांडंसुद्धा पडलं नाही.

नदीकाठचा एक तुकडा मात्र बिघडला. तिथली घरं उलट बाजूला, थेट नाल्यात जाऊन पडली. केयूर डोकं खाजवत बसला. या नकाशात प्रत्येक घराचा इतिहास राहतो, कधी काढलं, कुणी हात लावला. त्याने तो उघडला. ही घरं आधीच कुणीतरी जागेवर आणून ठेवली होती, म्हणून आता ढकलल्यावर ती पलीकडे गेली. एक-दोन नाहीत, चारशे बारा घरं, चार महिने, रोज तीन-चार, एकेक करून हाताने. प्रत्येकावर एकच नाव, 'साखळी'.

कोपऱ्यात पिलाजीराव खाकरले. मोजणी खात्यात उभा जन्म जमीन मोजायची साखळी ओढली, त्यांनी सांगितलं, म्हणून नाव ते. एकदम सरकवायचं तंत्र त्यांना येत नव्हतं, एकेकच जमायचं.

बाईंचा आवाज चढला. "चार महिने दिसत होतं तुम्हाला. मला एका शब्दाने सांगितलं का नाही?"

पिलाजीराव पिशवीकडे बघत म्हणाले, "याआधी दोघांना सांगितलं होतं, बाई. दोघंही परत आले नाहीत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही थांबला असतात."

सकाळी बाई थांबल्याच तर होत्या. त्या रोज पंचवीस घरं काढत होत्या आणि हा माणूस रोज तीन-चार सरकवत होता. आपण कधीच गाठू शकणार नाही हे मोजणीत जन्म काढलेल्या माणसाला कळत नव्हतं थोडंच! तरी तो मागून येत राहिला होता. सहा हजार घरं हललेली पाहून जे झालं नव्हतं ते आता झालं. बाईंचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी चारचौघांची पर्वा केली नाही.

केयूरने ती चारशे बारा घरं वगळली आणि लॅपटॉप बाईंपुढे ठेवला. खरी कळ बाईंनी दाबली. परदेशातल्या त्या माणसाला निरोप गेला की घरं पुसायची गरज नाही, ती जागेवर आहेत. मग सगळे सेव-उसळ खायला खाली उतरले.

कौमुदीबाई उतरल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून पिलाजीरावांच्या शेजारी लावली.

"मुजमहुड्याकडचा भाग अजून कोरा आहे," त्या म्हणाल्या. "आधी फोटो कसा जुळवायचा ते दाखवा. मग मी काढते, तुम्ही मागून या. पण आता चुकलं की सांगायचं."

पिलाजीरावांनी मान हलवली, पिशवीतून चष्मा काढला आणि खालून केयूर हाका मारत राहिला तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.