तासाभराचं विमान

माझ्या मुलीची थोरली, राजेश्वरी, हिचं लग्न झालं ते साल. लग्नाला माझा मुलगा शिवानंद गोव्याहून आला मोटारीनं आणि बोलला सगळं विमानाचं.

"गोवा ते सोलापूर तीनशे किलोमीटर, विमानाला फक्त एक तास. अप्पा, कधीबी हाक मारा." मांडवात दहा जणांना त्यानं मोबाइल दाखवला.

लग्नाला महिना झाला नसेल. एका सकाळी माझी बायको नीलम्मा पोट धरून चुलीपाशीच बसली, ती उठेना. शेजारच्या बजरंगनं जीप काढली. जळकोटहून सोलापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. डॉक्टर म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, लगेच पोट उघडावं लागेल, इथं सही करा.

आमच्या घरात कागद शिवानंदचा. सातबारा असो नाहीतर बँक, त्याच्या शब्दाशिवाय कोणी पेन उचलत नाही. मी साठीला नातीच्या पाटीवर अक्षरं शिकलो, तरी ही रीत मोडली नाही. फोन लावला.

"अप्पा, थांबा. न वाचता कुठंबी अंगठा लावू नका."

"अंगठा न्हाय लावत म्या आता. सही करतो."

"तेच म्हणतोय. सही करू नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मी येतोच, विमान एका तासाचं हाय."

बजरंग ऐकत होता. "आप्पा, ह्यो विमानतळावरच निजतो का? घरातनं तिथवर काय उडत जाणार?"

"गप रे," मी म्हणालो. त्यालाच म्हणालो. शिवानंदला म्हणायला हवं होतं.

डॉक्टर पुन्हा आले. "आजोबा, तुम्ही नवरा आहात. तुमची सही चालते. वेळ घालवू नका."

"लेक निघालाय. तासाभरात येईल."

खाटेवरून नीलम्मा म्हणाली, "तुमीच करा की. तुमास्नी येती." एवढं बोलायला तिला तीनदा दम घ्यावा लागला. मी तिचा हात धरला आणि पेन तसंच ठेवलं.

साडेदहाला फोन केला, तो घरून निघत होता. साडेअकराला, विमानतळाच्या रस्त्यावर. साडेबाराला त्याचाच फोन आला.

"अप्पा, आज विमानच न्हाय. उद्या हाय. मोबाइलवर एक तास दाखवत होतं, म्हणून..."

"निघायच्या आधी, विमान हाय का एवढं बघितलं न्हाईस?"

"अप्पा, मी गाडीनं येतो."

"ये, न्हायतर नको येऊ."

मी फोन बजरंगच्या हातात कोंबला आणि कागद ओढून घेतला. शरणबसप्पा. सगळी अक्षरं आली, एकही चुकलं नाही. तीन तासांपूर्वीही अशीच आली असती. डॉक्टरांनी कागद घेतला. खाट ढकलत आत नेली.

शिवानंद आला तेव्हा अंधार पडला होता. दवाखान्याच्या पायरीवर माझे पाय धरायला वाकला. मी पाय मागे घेतले.

"अप्पा, अंतर तर एवढंच होतं हो," तो रडत म्हणाला.

"तुझ्या मोबाइलला सांग," मी म्हणालो. त्यानंतर त्याच्याशी बोललो नाही. स्वतःशीही धड बोलत नाही.

माझी बायको नीलम्मा मंगळवारी, २ डिसेंबर २०२५ रोजी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सोलापुरात वारली.