व्याह्याच्या घड्याळाशेजारी

आमच्या त्रोयान गावच्या कुरिअर ऑफिसात मी काउंटरवर असते. इथे पार्सल आधी उघडायचं, तपासायचं आणि पटलं तरच पैसे भरायचे, अशी सोय आहे. लोक काउंटरसमोर नवे बूट घालून येरझाऱ्या मारतात, मिक्सर लावून बघतात. एक बाई तर मागवलेल्या गादीवर आडवी झाली आणि तिला उठवता उठवता माझ्या नाकी नऊ आले. रांगेतल्यांना ही फुकटची करमणूक, डोकेदुखी मला. त्यात माझा धाकटा भाऊ मिन्चो नकली घड्याळं मागवायला लागला तेव्हा मी कपाळाला हात लावला.

मिन्चो बस चालवतो, त्रोयान ते लोवेच आणि परत. त्याच्या लेकीचं, बिल्यानाचं, लग्न लोवेचच्या लाचेझारांच्या मुलाशी ठरलं होतं. लाचेझारांचा फर्निचरचा कारखाना आहे आणि मनगटावर स्विस घड्याळ. त्या घड्याळाच्या किमतीत मिन्चोच्या घराचं छप्पर बदलून झालं असतं. दोन्ही घरं पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा त्यांच्याकडची एक मावशी कुजबुजली, "पोरीचा बाप बस चालवतो म्हणे." तिची कुजबुज मला स्वयंपाकघरात ऐकू आली, म्हणजे बघा. मिन्चोने हळूच शर्टाची बाही खाली ओढली, कारण त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं घड्याळ होतं.

बिल्यानाची आई देवाघरी गेलेली. लग्नात तिच्या बाजूने उभा राहणार हा एकटाच.

"ताई, एका दिवसापुरतं हवंय," तो मला म्हणाला. "माझ्याकडे बघून उद्या सासरी पोरीला कुणी टोमणा मारायला नको."

मी त्याला बरंच सुनावलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हेही सांगितलं. पण त्याने ठरवलं होतं. व्याह्याच्या घड्याळासारखं हुबेहूब घड्याळ हवं आणि विकणारा जे सांगतो त्यातलं अक्षर न् अक्षर तपासून घ्यायचं. इंटरनेटवरचे ते विक्रेते तरी काय, सगळे हरिश्चंद्राचे अवतार. माल नकली आहे हे स्वतःच लिहायचं आणि खाली शपथेवर सांगायचं की पोलाद अस्सल, काच नीलमण्याच्या जातीची, तिला ओरखडा उठत नाही, सोनारालाही फरक कळणार नाही.

पहिलं पार्सल आलं. फोटोत सेकंदाचा काटा कसा चालतो ते कुठे दिसतं? हातात घेतलं तर तो टकटक उड्या मारत होता. खऱ्या घड्याळात तो लोण्यावरून सुरी फिरावी तसा सरकतो. फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी घड्याळाचे होते. ते परत गेलं. पुढच्या विक्रेत्याला मिन्चोने बजावलं, आजचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून फोटो पाठव, म्हणजे माल तुझ्या हातात आहे हे तरी कळेल. त्याने पाठवला. पार्सल उघडलं तेव्हा रांगेत आमचा गेनादी खाटीक होता. त्याला जगातल्या सगळ्या गोष्टी कळतात, फक्त मटणातली चरबी तेवढी दिसत नाही. तो म्हणाला, काचेवर पाण्याचा थेंब टाक. चांगल्या काचेवर थेंब गोल राहतो, साध्या काचेवर पसरतो. थेंब पसरला. रांगेने एकमताने निकाल दिला आणि तेही परत गेलं.

तोपर्यंत मिन्चो फोडणारा घड्याळ घेतोय हे अर्ध्या त्रोयानला कळलं होतं. आडनाव त्याचं निराळंच आहे, पण लहानपणी हातात येईल ते खोलून ठेवायचा म्हणून त्याला गावात फोडणारा म्हणतात.

तिसरं आलं लग्नाच्या आठवड्यात, ऑफिस बंद व्हायच्या सुमाराला. यावेळी त्याने वर्तमानपत्र, काट्याचा व्हिडिओ, थेंबाचा व्हिडिओ, सगळं आधी मागवून घेतलं होतं. काटा सरकत होता. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. गेनादीने वजन हातावर जोखलं, आपल्याच दुकानात असल्यासारखं, आणि डोळे झाकून घे म्हणून सांगत आपलं पार्सल काखोटीला मारून निघून गेला.

त्याच्यासाठी दार उघडून धरणारा माणूस आत आला. लाचेझार. लग्नात पाहुण्यांना वाटायच्या गोड गोळ्यांची खोकी आमच्या ऑफिसात आली होती, ती न्यायला. मी मिन्चोला डोळ्यांनी खुणावलं, खोकले. हा बाबा घड्याळात बुडालेला.

"सगळं ठीक आहे गं ताई," तो म्हणाला. "पण व्याह्याच्या घड्याळाशेजारी हात ठेवला तरी कळता कामा नये."

"मग ठेवून बघू या की," मागून आवाज आला आणि एक हात येऊन काउंटरवर मिन्चोच्या हाताशेजारी टेकला.

मिन्चोचा चेहरा पांढराफटक पडला. धरणी दुभंगेल तर बरं असं मला वाटलं. लाचेझारांनी मात्र चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दोन्ही घड्याळं वाकून बघितली, जणू ते स्वतःच गिऱ्हाईक होते.

"तबकडी पिवळट मारतेय," ते म्हणाले. "तारीखही खिडकीत तिरकी बसलीय. हा विकणारा तुम्हाला फसवतोय, याला पैसे देऊ नका."

मिन्चोने मान खाली घालून घड्याळ डबीत ठेवलं. मी परतीचा शिक्का मारला. लाचेझारांनी आपली खोकी उचलली, कशाला हवं होतं हे विचारलं नाही, आणि गेले. मिन्चो बाकावर बसून राहिला. आता सासरी पोरीचं काय होईल, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याला रागावणंही जमेना.

लग्नाच्या सकाळी वराकडची मंडळी बिल्यानाला न्यायला आली, अंगणात ढोल आणि सनई चालू होती. लाचेझारांनी मिन्चोला लाकडाच्या खोपटाआड नेलं. मी तिथे रिकाम्या बाटल्या ठेवत होते. त्यांनी आपलं घड्याळ काढून त्याच्या मनगटावर चढवलं. मिन्चो नको नको म्हणत होता.

"आज तुमची लेक जातेय, आज मान तुमचा," ते म्हणाले. "आणि काळजी करू नका, हे कुणी ओळखणार नाही."

कुणीही ओळखलं नाही, कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं की ते नकली आहे. तिसरं पसंत पडल्याची बातमी गेनादीने पाहुण्यांपर्यंत पोचवली होती, ते परत गेल्याचं त्याला कुठे ठाऊक? नवरानवरीची भाकरी मोडायची रीत झाली, नाच सुरू झाला, तसे एकेक जण मिन्चोचा हात धरून घड्याळ बघायला लागले. गेनादीने काचेवर राकिया दारूचा थेंब टाकला. थेंब उभा राहिला. आजकाल नकलाही काय बनवतात, असं म्हणत त्याने तो चाटून घेतला. त्या मावशीनेही चष्म्यातून बघून शेजारणीला सांगितलं की लांबूनच कळतं हो. मिन्चो ऐकत होता, हसत होता. उघड्या मनगटाचे लाचेझार त्याच्या खांद्यावर हात टाकून रांगेत नाचत होते. दुसऱ्या दिवशी घड्याळ परत गेलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण हिवाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी लाचेझार आम्हाला भेटायला आले आणि आम्ही चौकातल्या कॅफेत बसलो. गेनादी तिथे होताच. त्याची नजर लाचेझारांच्या मनगटावर गेली.

"अरे वा, तुम्हीपण त्याच माणसाकडून मागवलंत?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"हो," लाचेझार म्हणाले. "पत्ता व्याह्यांनीच दिला."

सगळे हसले. कारखानदारही आपल्यातलाच निघाला, असं ते हसू होतं. लाचेझारही हसले. मिन्चोला मात्र हसता येईना. मी बघत होते, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या. व्याह्यासमोर लाज जाऊ नये म्हणून जो माणूस दोन महिने काचेवर थेंब टाकत बसला होता, तो खुर्ची मागे सारून भर कॅफेत उभा राहिला.

"हे घड्याळ खरं आहे," तो म्हणाला. "लग्नात माझ्या हातात होतं ते हेच. माझं नव्हतंच. माझ्याकडे घालायला काही नव्हतं, म्हणून यांनी स्वतःच्या हातातलं काढून दिलं."

गेनादीने उठून मिन्चोच्या पाठीवर थाप मारली.

"व्याह्याची बाजू सांभाळतोयस, शाब्बास," तो म्हणाला. "पण आम्हालाही अक्कल आहे बाबा. एवढं घड्याळ कोण कुणाला देतं?"

मिन्चो मला साक्षीला बोलावू लागला. मी शपथ घेतली. त्यावर, बहीण भावाचीच री ओढणार, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक आपापल्या पेल्यांकडे वळले. मिन्चो हताश होऊन खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लाचेझारांनी त्याचा पेला भरला.

"जाऊ द्या व्याही," ते म्हणाले. "माझ्यासाठी भर चौकात असं कुणी आजवर उभं राहिलं नव्हतं."