तीन फूट कुणाकडे

ज्या दिवशी सर्वेवाले साहेब आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल फुली मारून, वर माझ्याच हातचा चहा पिऊन गेले, त्या दिवसापासून मी एका जागी बसले असेन तर शपथ.

आमची लाईन अवघी अडीच फुटांची. कोलंबोच्या ऑफिसांत जाणारी आमच्याकडची माणसं रोज सकाळी तिच्यावरून लोंबकळत जातात आणि संध्याकाळी लोंबकळत येतात. गाडी इतकी सावकाश की नुगेगोड्याच्या पुढच्या वळणावर माझा नवरा लायनल चालत्या डब्यातून उतरतो, मागच्या दाराने घरात येतो, सारोंग नेसतो, आणि मग कुठे गाडीचा शेवटचा डबा आमच्या खिडकीवरून जातो. अशी गाडी. आता ती रुंद होणार होती. मोठे डबे, जास्त डबे, सगळ्यांना बसायला जागा. वाईट कुणाला वाटेल? पण साहेबांनी सांगितलं ते असं, की जुन्या दोन रुळांतला एक जागच्या जागी राहणार आणि दुसरा तीन फूट बाहेर सरकणार.

"बाहेर म्हणजे कुठल्या बाजूला, साहेब?"

"ते वरून ठरेल, बाई."

"वरून म्हणजे देवाकडून?"

"देवाकडून लवकर ठरलं असतं," असं म्हणून त्यांनी कप परत दिला. मग रूळ ओलांडून ते समोर गेले आणि तिथल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तश्शीच लाल फुली मारली.

समोरचं घर माझ्या नणंदेचं. पियसीली तिचं नाव, पण आमच्यात नणंद भावजयीला म्हणते 'नॅना' आणि भावजय नणंदेलाही म्हणते 'नॅना'. दोघींना एकच शब्द. त्यामुळे मोठेपणाचा वाद नाही, असं सासूबाई म्हणायच्या. सासऱ्यांनी जमीन वाटली ती रुळाने आधीच वाटून ठेवल्यासारखी होती. रस्त्याकडची बाजू मुलाला, विहाराकडची मुलीला. तिचा नवरा मस्कतला ड्रायव्हर, घरात ती आणि तिची इनोका. पोरीला दमा. पंधरा वर्षं आम्ही दोघी पाच-दहाची गाडी गेली की रूळ ओलांडायचो आणि पाच-चाळीसची यायच्या आत परत फिरायचो. कधी वाटीभर डाळ, कधी फणसाची भाजी, कधी नुसत्याच चहाड्या.

फुली आली आणि चहाड्या बंद पडल्या. एकमेकींकडे जायचो, पण डोळे त्या भिंतीकडे. ती माझी फुली बघायची, मी तिची.

त्यात गाडीतली माणसं! रोजचे प्रवासी आम्हा दोघींना ओळखत होतेच. जाड चष्म्याचे एक कारकून दारातच उभे असायचे. ते एके संध्याकाळी ओरडले, "बाई, रस्त्याकडे ठरलं हो! तुमच्याकडे!" माझ्या हातातली पळी खाली पडली. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "नाही नाही, विहाराकडे! आज पक्कं कळलं." समोर नॅना पीठ चाळत होती, ती चाळण घेऊनच आत गेली. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतूनच ओरडले, "साहेब, आज कुणाचं घर पाडलंत?" सगळा डबा हसला. मला हसू आलं नाही. सबंध दिवस मी भांडी फडताळावरून काढायची आणि परत लावायची. लायनल म्हणायचा, "युलिन, बस की जरा! तू हलतेस म्हणून घर हलतंय की गाडीमुळे, तेच कळत नाही."

"तुला काय, तू दिवसभर ऑफिसात पंख्याखाली."

"पाडलं तर बहिणीकडे जेवू."

"आणि तिचं पाडलं तर?"

"तर ती आपल्याकडे जेवेल. त्यात काय?"

पुरुषांना स्वयंपाकघर म्हणजे जेवायची जागा वाटते. मला त्या सात बाय आठच्या खोलीत माझी बावीस वर्षं दिसत होती. शिवाय रुळापासून सरकून दुसरं बांधावं, तर पुढे लगेच रस्ता. तिच्या घरापुढे निदान अंगण होतं. हे मी मनाशी रोज म्हणत होते: तिच्याकडे अंगण आहे.

शेवटी एका शनिवारी कुणाला न सांगता मी पत्तिनी देवीच्या देवळात गेले. ताटात फळं, पानं, नारळ, लाल फुलं. आमच्याकडे आपलं गाऱ्हाणं पुजाऱ्याच्या कानात सांगायचं, आणि मग तो पडद्यासमोर उभा राहून देवीला ते मोठ्याने सांगतो, नाव-गाव-कारणासकट. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चिंतेत माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही. मी कुजबुजले आणि हात जोडले. पुजाऱ्याचा आवाज असा, की पार्सल ऑफिसात शोभावा.

"हे आई! रेल्वेलाईनच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला राहणारी तुझी लेक युलिन हिच्या चुलीला धक्का लागू देऊ नकोस! तो रूळ विहाराच्या बाजूला सरकू दे! काम झालं तर तुला दूधभात आणि पणत्यांची पूजा बोलली आहे!"

पुजाऱ्याचा हात डोक्यावर ठेवून घेतला आणि वळले. रांगेत माझ्या मागे तिसऱ्या बाईच्या पाठी नॅना उभी होती. हातात ताट. माझ्यापेक्षा मोठं ताट, अननससुद्धा.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं. मी निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना. तिचं गाऱ्हाणं मला ऐकायचंच होतं. चोर तर चोर, पण एकटी चोर नको, असं वाटत होतं. तिचा नंबर आला. ती पुजाऱ्याच्या कानात बोलली आणि तो गरजला, "हे आई! पियसीलीची लेक इनोका हिच्या छातीतली घरघर जाऊ दे!"

बस्स. रुळाचं नाव नाही.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ती खरंच पोरीसाठी आली होती, की माझं ऐकून तिने मागणं बदललं? विचारायची सोय नव्हती. ती पूर्वीसारखीच यायची, पूर्वीसारखीच डाळीची वाटी ठेवायची, आणि मला ती डाळ घशाखाली उतरायची नाही. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने जेवले असते.

मग एका सकाळी साडेदहाला मालगाडी आली आणि माणसांनी रुळाखाली घालायचे लांबलचक नवे स्लीपर टाकायला सुरुवात केली. एकेक स्लीपर धाडदिशी पडत होता, विहाराच्या बाजूला. सगळेच्या सगळे विहाराच्या बाजूला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी चुलीला हात लावून रडले. आणि मग खिडकीतून पाहिलं तर समोर नॅना आपल्या फडताळातली भांडी एकेक करून अंगणात नेत होती. कुणी सांगायच्या आतच.

तिचं स्वयंपाकघर पाडायला दोन तास लागले. आठवड्याभरात अंगणात दुसरं उभं राहील म्हणत होते, पण पत्रे यायचे होते, मस्कतहून पत्र यायचं होतं. तोवर ती आमच्याकडे शिजवू लागली. लायनल म्हणाला तसंच झालं. माझ्या चुलीवर तिचं भांडं, माझ्या विळीवर तिचा नारळ. चष्म्याचे कारकून आता आमच्या खिडकीपाशी आले की काही ओरडत नसत.

नवस फेडायचा राहिला होता. तीन शनिवार गेले. कुठल्या तोंडाने जाणार? पुजारी फेडतानाही मोठ्याने सांगतोच. काय सांगणार, की नणंदेचं घर पाडल्याबद्दल आई तुझे उपकार? चौथ्या शनिवारी सकाळी मी दहाव्यांदा तांदूळ निवडत होते. नॅनाने माझ्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं.

"अगं, किती निवडशील? खडे नाहीत त्यात. दूधभात घाल शिजायला."

"कशाला?"

"नवस फेडायला. आठवण नाही की लाज वाटतेय?"

ती नारळ खवत होती, खवताखवताच म्हणाली, "मीही रुळासाठीच आले होते त्या दिवशी. तुझं ऐकलं आणि तोंडातून काहीतरी दुसरंच निघून गेलं. एवढा अननस नेला होता मी."

"इनोकाचा दमा कसा आहे?"

"आहे तसाच. मनात एक आणि तोंडात एक असलं की देवी तरी काय करणार? तू निदान खरं मागितलंस."

मला रडू फुटलं. "नॅना, मला माफ कर. मी नाही जायची तिथे. माझ्याने नाही बोलवणार."

"तू नको बोलू, मी सांगते पुजाऱ्याला," ती म्हणाली आणि पातेलं चुलीवर चढवलं. "न फेडलेला नवस उलटतो, नॅना. उलटला आणि हीसुद्धा चूल गेली, तर आपण दोघींनी शिजवायचं कुठे?"

बाहेरून गाडी गेली. अजून जुनीच, अजून अरुंदच. भिंत हलली, फडताळातली भांडी वाजली, आणि नॅनाने न बघता एका हाताने पातेलं धरून ठेवलं. कितीच्या गाडीला कुठलं भांडं घसरतं, ते तिला माझ्या स्वयंपाकघरातही कळायला लागलं होतं.