मोकळी दुपार

बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात ज्याची उभी हयात गेली, त्या माणसानं घरच्या सहलीचं नियोजन करायचं म्हणजे काय विचारता! टेबलावर चौकटी आखलेला भलामोठा कागद, कानावर पेन्सिल आणि चेहरा असा, की जणू सैन्यच हलवायचंय. दोन दिवसांची तर सहल! समुद्रकाठचं जुनं तटबंदीचं गाव, एक किल्ला, एक दीपगृह. पण गल्लीत त्याला 'टाइमटेबल' म्हणतात ते काही उगाच नाही.

"दुसऱ्या दिवशी दुपारी काय?" त्यानं लेकीला विचारलं.

"दुपार मोकळी ठेवू या ना बाबा," भिंगरी म्हणाली.

खिडकीशी शिलाई मशीन चालवणाऱ्या मावशीचा पाय जागीच थांबला.

मावशी म्हणजे भिंगरीची सावत्र आई. लग्न होऊन या घरात आली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. "हिला मावशी म्हण," असं कुणीतरी सांगितलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दहा वर्षं झाली. तापात उशाशी बसणारी मावशी, शाळेच्या गॅदरिंगचे झगे शिवणारी मावशी. एकदा तरी, चुकून का होईना, 'आई' म्हणेल म्हणून तिचे कान आसुसलेले असत. पण मागून घ्यायची का ही गोष्ट आहे?

आणि खरी आई? ती घर सोडून गेली ती गेलीच. तिचा विषय निघाला की टाइमटेबल भरल्या ताटावरून उठायचा. ती सहलीच्या त्याच गावात राहते, हे त्याच्या गावीही नव्हतं. मावशीला मात्र माहीत होतं. महिन्यापूर्वी तिथूनच त्या बाईचा फोन आला, तो नेमका मावशीनंच उचलला. "मुलीशी दोन शब्द बोलू द्याल?" पलीकडचा आवाज कापत होता. मावशीनं मुकाट्यानं फोन भिंगरीच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन वाळलेले कपडे पुन्हा वाळत घातले. त्यानंतर दोघी त्यावर अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आठवडाभरातच पोरीनं सहलीचा हट्ट धरला, तोही त्याच गावाचा. मावशी काय दूधखुळी होती?

"मोकळी?" टाइमटेबल म्हणाला. "मोकळी गाडी आणि मोकळी दुपार, दोन्ही तोट्यात. तिथे तोफांचं संग्रहालय आहे. ते टाकतो."

"मला नाही बघायच्या तोफा."

"मग चाललीस कशाला? हेच गाव पाहिजे म्हणून तूच नाचत होतीस. आहे तरी काय एवढं तिथे?"

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मावशीकडे पाहिलं नाही, पण कागदाचा कोपरा तिच्या बोटांत चुरगळत होता. पेन्सिलीचं टोक चौकटीवर टेकलं.

गप्प बसायचं. बस्स, एवढंच करायचं होतं मावशीला. तोफा त्या चौकटीत गेल्या की दुपार संपली, भेट संपली, आणि पोर जशी नेली तशी घरी परत. एकदा त्या बाईच्या गळ्यात पडली, की रक्त रक्ताकडे ओढ घेणार नाही कशावरून? दहा वर्षांचं सगळं एका दुपारी हातचं जाणार होतं, आणि ते वाचवायला तोंड मिटून बसणं पुरेसं होतं. फुकटात काम फत्ते!

पण ती बोटं! लहानपणी ताप चढला की अशीच पांघरूण चुरगळायची कार्टी.

"मला नाही झेपायच्या तोफाबिफा," मावशी एकदम म्हणाली. "सकाळी किल्ला चढल्यावर माझा गुडघा बोंबलणार. मी खोलीवर पडते. भिंगरी राहील माझ्याजवळ. तुम्ही या तुमच्या तोफा मोजून."

"गुडघा? कधीपासून दुखतोय?"

"माझं काय दुखतं ते तुम्हाला कधी कळलंय, म्हणून आज कळेल!"

टाइमटेबल तिच्याकडे बघत राहिला. मग लेकीकडे. पुन्हा तिच्याकडे. याला कुणकुण लागतेय की काय! पण त्यानं पेन्सिल जिभेला लावली, चौकटीत 'विश्रांती' असं लिहिलं आणि पुटपुटत आंघोळीला गेला.

न्हाणीघराचं दार लागलं तशी भिंगरी मशीनजवळ येऊन उभी राहिली. "मावशी, तुला..."

"कळतं मला सगळं. तो निळा झगा आण इकडे. खालची शिवण उसवलीय. तसलाच घालून जाशील."

झगा मांडीवर आला तरी पोर हलेना.

"तिला हाक काय मारू गं?"

मावशीला हे अपेक्षित नव्हतं. ज्या शब्दासाठी दहा वर्षं कान लावून बसली, तो आता आपल्याच हातानं दुसरीच्या पदरात घालायचा! राग आला तिला. त्या बाईचा, पोरीचा, स्वतःचाही.

"आई म्हण," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणणार?"

"आणि बरोबर कोण आलंय, असं तिनं विचारलं तर?"

"सांग, माझे कपडे शिवते."

"काहीतरीच बोलू नकोस हं!" भिंगरी उसळली. डोळे पुसत दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळली. "बाबा परत यायच्या आत मला न्यायला ये. आणि हे बघ, मी इथेच थांबते म्हणाले, रडले, तरी ऐकू नकोस. हाताला धरून ओढून आण."

"आणीन," मावशी म्हणाली आणि तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. पण सुईचं नेढं काही केल्या दिसेना.