दोन सह्या, एक नाक

लोकांना वाटतं, चॉकलेट बनवणारे वेगळे आणि मांजराचं खाणं बनवणारे वेगळे. कसले वेगळे! आमच्या कंपनीचं आवार एकच, कँटीन एकच. डाव्या हाताला टॉफी, उजव्या हाताला मांजराचे डबे. सतरा वर्षं मी टॉफी चाखली. मग तिकडे यंत्र आलं आणि मला नि मास्तरांना उजवीकडे ढकललं. चमच्यावर घ्यायचं, हुंगायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं, कागदावर सही करायची. दिवसाला चाळीस वेळा. घरी नवरा विचारतो, जेवायचं नाही का? काय सांगू त्याला, तोंडच दमतं.

मास्तर म्हणजे ज्यांनी आम्हा सगळ्यांना चाखायला शिकवलं ते. पहिल्याच आठवड्यात एक डबा असा निघाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर मात्र ढिम्म. "चांगला आहे," म्हणाले. मी बघतच राहिले.

"मास्तर, तुम्हाला वास येत नाही?"

"मध्ये मोठा ताप आला ना, त्यानंतर गेला," ते म्हणाले. "टॉफी दातांवर ओळखायचो. कडक, मऊ, चिकट. या लगद्यात दात काय करणार, पोरी?"

आठ महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. नोकरी पुरी केली तर कंपनीचा दवाखाना नवरा-बायकोला जन्मभर फुकट; आधी गेली तर काही नाही. आणि त्यांच्या बायको, आमच्या काकू, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. मी काय करणार होते? नियम असा, की प्रत्येक घाण्याच्या कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. तेव्हापासून घाणा बिघडलेला असला की मी चमचा पालथा ठेवायचे. मास्तर बघायचे आणि नापास लिहायचे.

सहा महिने असं रेटलं. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू. त्यांचाही आणि माझाही. दोघांचं काम एकटीच्या नाकावर.

मग मला सर्दी झाली. सर्दी असेल तर टेबलाला बसायचं नाही, हा मास्तरांनीच घालून दिलेला नियम. पण मी घरी राहिले तर माझ्या जागी दुसरं कोणी बसणार आणि मास्तर पहिल्या डब्यालाच उघडे पडणार. म्हणून वाफ घेऊन गेले. दिवसभर सगळं कोमट पाण्यासारखं लागलं. मी आपली चमचा सरळ ठेवत गेले आणि मास्तर सह्या ठोकत गेले. आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरावा, तशी गत.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी दोघांना बोलावलं. मॅडम म्हणजे तपासणी विभागाच्या साहेब, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. कंपनीनं चौदा मांजरं पाळली आहेत. माल बाहेर जाण्याआधी त्यांच्यापुढे ठेवतात. चौदाही मांजरांनी तोंड फिरवलं होतं. मॅडमच्या टेबलावर एक उघडा डबा होता आणि शेजारी आमच्या सह्यांचा कागद.

"हा तुम्ही दोघांनी पास केलात?" मॅडमनी विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमचा आवाज बसलाय. सर्दी कधीपासून आहे?"

मी तोंड उघडलं. खरं सांगणार होते की लपवणार होते, मला अजून माहीत नाही. मास्तर मध्येच बोलले.

"तिला काही विचारू नका. सर्दी झाली म्हणून ती घरी निघाली होती, मीच बसवून घेतलं. म्हटलं, माझ्या भरवशावर सही कर. मला वर्षभर वास येत नाही."

सर्दी सोडली तर यातलं शेवटचं तेवढं खरं होतं.

मॅडमनाही हे जड जात होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"ताई, असंच झालं का?"

मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीबाहेर टॉफीच्या इमारतीकडे बघत होते. मी खरं बोलले असते तरी त्यांची नोकरी वाचली नसती, हे मला कळत होतं. माझी मात्र गेली असती. घरी दोन लेकरं आहेत, हप्ते आहेत, सांगायला कारणं पुष्कळ आहेत. पण त्या घटकेला मला लेकरंबिकरं काही आठवली नाहीत. एवढंच वाटलं, की उद्यापासून मला एकटीपुरतंच हुंगायचं आहे.

"हो," मी म्हणाले.